आधी तुमचं मीटर दाखवा, मग आमच्या बादल्या मोजा!

उंबरठा

पाणी जपून वापरा, असं जे आपल्याला सांगतात त्यांनी पाण्यातले स्वतःचे व्यवहार आपल्याला सांगितले पाहिजेत. माझा मुद्दा एवढाच आहे. तो जरा लांबण लावून मांडतो, सांभाळून घ्या.

जुलै २०२५ चं पावसाळी अधिवेशन आठवत असेल. विधानभवनाच्या लॉबीत दोन आमदारांचे समर्थक एकमेकांना भिडले. त्याच अधिवेशनात एका मंत्र्यांचा सभागृहात मोबाइलवर पत्ते खेळत असल्याचा व्हिडिओ फिरला. मग अध्यक्षांनी संसदेच्या धर्तीवर नीतिमूल्य समिती नेमण्याचं सूतोवाच केलं. चांगलंच झालं. पण आपल्याकडे नीती म्हणजे शिस्त असा समज पक्का आहे. कुणी कुणाची कॉलर धरली, कुणी शिवी दिली, कुणी राजदंड उचलला, की लगेच सभागृहाची प्रतिष्ठा आठवते. पाण्यावरच्या चर्चेत एखादा सन्माननीय सदस्य अतिशय सभ्य भाषेत, हात जोडून, स्वतःच्या घरच्या धंद्याला सोयीची मागणी करून खाली बसला तर त्यात कुणालाच काही वावगं वाटत नाही.

राज्यसभेने नीतिमूल्य समिती मार्च १९९७ मध्ये नेमली, भारतातल्या कुठल्याही सभागृहात पहिली. तिचे पहिले अध्यक्ष होते शंकरराव चव्हाण. म्हणजे ज्या माणसाचं नाव मराठवाड्यात जायकवाडीशी जोडलं जातं, तोच माणूस खासदारांच्या नीतीची चौकट आखायला बसला होता. पाणी आणि नीती हे दोन विषय एकत्र का आणले असं कुणी विचारलं तर माझं पहिलं उत्तर हेच.

त्या समितीच्या कामातून पुढे हितसंबंधांची नोंदवही आली. कंपनीतलं मानधनाचं संचालकपद, नियमित उत्पन्नाचं काम, कंपनीवर ताबा राहील इतके शेअर्स, पैसे घेऊन दिलेला सल्ला, व्यावसायिक काम, या पाच गोष्टी राज्यसभेच्या सदस्याने लिहून द्यायच्या. शिवाय चर्चेतल्या विषयात स्वतःचा आर्थिक संबंध असेल तर बोलण्याआधी तो सांगायचा. नियम २९३ आणि २९४. फार क्रांतिकारी काही नाही, बोलण्याआधी एक वाक्य जास्त बोलायचं.

आपल्या विधानसभेतले २८८ आणि विधान परिषदेतले ७८, यांच्यातल्या कुणाचे टँकर आहेत, कुणाचा कारखाना आहे, बाटलीबंद पाण्याचा प्लांट कुणाचा, पाइपलाइनची कामं कुणाचा भाऊ घेतो, हे त्या त्या तालुक्यात चहाच्या टपरीवर सगळ्यांना माहीत असतं. पण तुम्हाआम्हाला उघडून वाचता येईल अशा कुठल्या सरकारी वहीत ते सापडत नाही.

आता घरातलं पाणी. मी काही साधुसंत नाही, पण घरात शॉवर काढून बादली आली (शॉवरला मिनिटाला आठ-दहा लिटर जातात, म्हणजे दहा मिनिटांत पाच बादल्या), फ्लशच्या जुन्या टाकीत पाण्याने भरलेली बाटली बुडवून ठेवली, आरओचं फेकायचं पाणी फरशीला वापरतो. हे सगळं सुरू कधी झालं? मीटर बसल्यावर. आकडा दिसायला लागला आणि घरातली चर्चाच बदलली. त्याआधी मुलांना कितीही ओरडलो तरी उपयोग नव्हता.

तर माझी मागणी अशी: घराला जसं मीटर, तशी आमदाराला नोंदवही. प्रवचन दोन्हीकडे बंद. तुम्हाला काय वाटतं?

तिरकस

मला वाटतं, तुमचं मीटर चालू आहे हीच मोठी बातमी आहे.

सेक्रेटरीबाई

तिरकस, हसू नका. मीटरचं दुखणं खरं आहे, आणि धागाकर्त्यांनी ते दोन ओळींत उरकलंय म्हणून मी सविस्तर लिहिते.

जुन्या इमारतीत प्रत्येक फ्लॅटला एक मीटर लावणं म्हणजे खेळ नाही. गच्चीवरच्या टाकीतून एकच पाइप प्रत्येक घरात येत नाही. बाथरूमची लाइन वेगळी खाली उतरते, संडासाची वेगळी, किचनची वेगळी. त्यामुळे एका फ्लॅटला तीन-चार मीटर लागतात. चार मजली इमारतीत हा हिशेब करून बघा आणि मग सर्वसाधारण सभेत ठराव मांडून बघा. पहिल्या मजल्यावरचे म्हणतात, आम्ही दोघंच राहतो, लगेच लावा. तिसऱ्या मजल्यावरच्या सात माणसांच्या घरातून आवाज येतो की पाणी ही मूलभूत गरज आहे.

दुसरं, जिथे दिवसातून तासभरच पाणी येतं तिथे नळाला आधी हवा येते. फुस्स करून. आणि हवेने मीटर फिरतं. लोकांचा विश्वास तिथेच उडतो.

आमच्याकडे मध्यम मार्ग निघाला. संपातून (जमिनीखालच्या टाकीतून) वर चढणाऱ्या लाइनवर एक मीटर आणि आकडा रोज लिफ्टशेजारच्या फळ्यावर. घरोघरचा हिशेब नाही, सगळ्या इमारतीचा. झालं काय, तर मध्यरात्री कुणी वापरत नसताना आकडा पुढे सरकतोय हे दिसलं. वरच्या टाकीचा बॉलकॉक अडकला होता आणि ओव्हरफ्लोचं पाणी सरळ पावसाळी पाइपात जात होतं, म्हणून कुणाच्या डोळ्यांना दिसलंच नव्हतं. ओव्हरफ्लोचा पाइप नेहमी दिसेल अशा ठिकाणी, जिन्यासमोर नाहीतर गेटजवळ उघडा सोडावा. पाणी पडलं की आरडाओरडा होतो.

आणखी एक, हे बायकांनाच माहीत असतं म्हणून लिहिते. पाणी आलं की कालचं पिंप ओतून देऊन ताजं भरायचं, कारण कालचं "शिळं". मोरीत चाळीस लिटर स्वच्छ पाणी जातं, रोज. झाकण असलेलं पिंप, तोटी लावलेलं, आणि आत हात किंवा तांब्या न घालता घेतलेलं पाणी एका दिवसात खराब होत नाही. धुण्याभांड्याला तर दोन दिवसांचंही चालतं. फक्त आठवड्यातून एकदा पिंप पूर्ण रिकामं करून घासून कोरडं करा. ते डेंग्यूच्या डासांसाठी, शिळेपणासाठी नाही.

आमदारांचं तुमचं तुम्ही बघा. आमच्या फळ्यावरचा आकडा लिहायला मात्र वॉचमनदादांना कुठल्याही समितीची गरज पडली नाही.

कोरडवाहू

ताई, तुमच्या इमारतीबद्दल आदर आहे. पण "दोन दिवसांचं शिळं पाणी" वाचून आमच्याकडचे लोक हसतील हो. लातूर शहराला आठ-आठ, दहा-दहा दिवसांनी पाणी येण्याची सवय होती. २०१६ ला मांजरा धरण कोरडं पडलं आणि मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी (टाकीचे डबे), पाच लाख लिटर. नंतर पन्नास वाघिणींची गाडी. आम्ही पाणी वाचवायला शिकलो ते कुणाच्या जाहिरातीमुळे नव्हे. आंघोळीचं पाणी परातीत बसून घ्यायचं, तेच कपड्याला, तेच संडासात. नवीन काय सांगता?

त्यामुळे मला या धाग्यातला पहिला अर्धा भाग महत्त्वाचा वाटतो, दुसरा नाही. आमच्याकडे टंचाईत टँकर लागतो तो असा: ग्रामपंचायतीचा ठराव, तहसील आणि पंचायत समितीची पाहणी, मग मंजुरी. मंजूर खेपा किती आणि झालेल्या खेपा किती, हा सगळा खेळ. लॉगबुकवर सही लागते, टँकरला जीपीएस लागतं, सगळं कागदावर आहे. पण कित्येक गावात टँकर येतो तो विहिरीत ओततात. बारा हजार लिटर कोरड्या विहिरीत सोडलं की निम्मं तळालाच पिऊन टाकतं, आणि उरलेल्यासाठी बाया काठावर पोहरे टाकून उभ्या. त्या विहिरीत खरंच बारा हजार पडलं की आठ, हे जीपीएसला कसं कळणार? जीपीएस गाडी कुठे गेली ते सांगतं. पोटात काय होतं ते नाही सांगत.

आता टँकर कुणाचा, हा प्रश्न विचारा. ठेका एकाच्या नावावर, गाड्या दुसऱ्याच्या, आणि फोन तिसऱ्याचा. तो तिसरा कोण ते गावातलं शेंबडं पोरही सांगेल. टंचाईवर सभागृहात सर्वात पोटतिडकीने बोलणाऱ्यांपैकी काहींना दुष्काळ संपलेला परवडत नाही, हे मी कडवटपणे पण विचार करून लिहितोय.

वकीलबुवा

कोरडवाहूंनी दुखऱ्या नसेवर बोट ठेवलं आहे, म्हणून कायद्याची बाजू मांडतो.

लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१, कलम ९अ: ज्याचा राज्य सरकारशी माल पुरवण्याचा किंवा काम करण्याचा चालू करार आहे तो त्या राज्याच्या विधिमंडळाचा सदस्य राहू शकत नाही. वाचायला जबरदस्त. पण करार "त्याने" केलेला हवा. पत्नीने, मेहुण्याने, चालकाने केलेला नाही. शिवाय सरकारशी हवा. महापालिका, जिल्हा परिषद या स्वतंत्र संस्था आहेत, त्यांच्याशी केलेला करार या कलमाच्या जाळ्यातून सहज निसटतो. पाण्याची बहुतेक कामं नेमकी तिथेच असतात.

दुसरं, निवडणुकीचं प्रतिज्ञापत्र. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे ते आलं. २०१८ च्या निकालानंतर उत्पन्नाचे स्रोत आणि सरकारी करारही त्यात आले, पती-पत्नी आणि अवलंबितांसकट. उत्तम. पण ते अर्ज भरताना एकदाच. निवडून आल्यावर दुसऱ्या महिन्यात कंपनी काढली तर पुढच्या निवडणुकीपर्यंत मतदाराला पत्ता नाही. आणि सज्ञान, कमावता मुलगा हा "अवलंबित" नाही. भाऊ तर नाहीच नाही.

तिसरं, लाच. २००५ च्या डिसेंबरात पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल संसदेने अकरा खासदारांना घालवलं आणि २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. मार्च २०२४ मध्ये सात न्यायाधीशांच्या घटनापीठाने सीता सोरेन प्रकरणात १९९८ चा जुना निकाल फिरवला. आता मत किंवा भाषणासाठी लाच घेतली तर "विशेषाधिकार" म्हणून सुटता येत नाही. म्हणजे लाचेचा दरवाजा कायद्याने बंद झाला. उघडी आहे ती खिडकी: लाच न घेता, स्वतःच्याच धंद्यासाठी बोलणं. त्याला आपल्याकडे शिक्षाही नाही आणि साधी नोंदही नाही.

मात्र धागाकर्त्यांशी एका बाबतीत असहमत. नीतिमूल्य समितीवर फार भिस्त ठेवू नका. समितीत बहुमत सत्ताधाऱ्यांचंच असणार. जुलै २०२१ मध्ये आपल्या विधानसभेने बारा आमदारांना एक वर्षासाठी निलंबित केलं होतं आणि जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवलं. अधिवेशनापलीकडे निलंबन म्हणजे त्या मतदारसंघालाच शिक्षा, असा त्यातला सूर होता. शिस्तीचं हत्यार बहुमताच्या हातात गेलं की ते विरोधकांवरच चालतं, पक्ष कुठलाही असो. म्हणून शिक्षा देणाऱ्या समितीपेक्षा सगळ्यांना सारखी लागू होणारी, कुणी तक्रार करायची वाट न बघणारी नोंदवही बरी. इथे मात्र मी तुमच्या बाजूला.

तिरकस

म्हणजे वकीलसाहेब, आमदार लिहून देणार "माझा पाण्याशी संबंध फक्त पिण्यापुरता", आणि आपण ते वाचून समाधानाने झोपणार. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

वकीलबुवा

खोटं लिहून दिलं तर निदान खोटं बोलल्याचा पुरावा तयार होतो. आज तोही नाही. कोर्टात उभं राहणाऱ्या माणसाला विचारा, एका सहीची किंमत काय असते.

पाटकरी

मी पाटबंधारे खात्यात कालव्यावर आयुष्य काढलं. इथे सगळे विधानभवनाकडे बघून बोलताय, म्हणून एक खालची जागा दाखवतो. कालवा सल्लागार समिती.

धरणातल्या पाण्याची रब्बीला किती आवर्तनं (कालव्याला पाणी सोडायच्या पाळ्या), उन्हाळ्यात किती, कधी सोडायचं, हे या समितीच्या बैठकीत ठरतं. पालकमंत्री किंवा तसेच कुणी मोठे अध्यक्षस्थानी, आजूबाजूला लाभक्षेत्रातले आमदार, आम्ही अधिकारी आकडे घेऊन भिंतीला टेकून. बैठक तासाभराची. कागदावर पिण्याचं आरक्षण आधी, मग शेती, मग उद्योग. प्रत्यक्षात उन्हाळी आवर्तन आठ दिवस आधी सोडा की नंतर, यावर कुणाचा ऊस वाचतो आणि कुणाचा कांदा जळतो हे ठरतं. ज्या सदस्याचा कारखाना आहे त्याचं गाळप त्या आठ दिवसांवर अवलंबून. तो बैठकीत "शेतकऱ्यांचं हित" असंच म्हणतो, आणि त्यात खोटंही काही नसतं! ऊस शेतकऱ्यांचाच असतो. फक्त टेलचा, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाचा शेतकरी त्या खोलीत नसतो. नमुना सात (पाणी मागणीचा अर्ज) भरून, पैसे भरून बसलेला असतो तो, आणि पाणी वरच मोटारींनी उचललं जातं.

बाकी घरगुती पाण्याविषयी थोडं थंड डोक्याने घ्या. राज्यातलं बहुतेक पाणी शेतीकडे जातं, घराचा वाटा लहान. लागवडीखालच्या जमिनीच्या जेमतेम चार टक्क्यांवर ऊस आणि सिंचनाच्या पाण्याचा दोन तृतीयांशाहून जास्त भाग त्याला, हा हिशेब केंद्राच्या कृषिमूल्य आयोगानेही मांडलाय. तुम्ही फ्लशमध्ये बाटली घालून दिवसाला वीस लिटर वाचवाल. मातीच्या चारीतून एका पाळीत जे मुरतं, त्याच्यापुढे ते काहीच नाही. घरचं पाणी वाचवू नका असं म्हणत नाही. त्याने धरण भरेल या भ्रमात राहू नका.

सेक्रेटरीबाई

पाटकरीकाका, धरण भरायला नाहीच वाचवत. टँकरचं बिल वाचवायला वाचवतो. शहरातल्या माणसाचा हिशेब इतका साधा आहे. आणि शहरात आलेलं पाणी वर पंपाने चढतं, शुद्ध होतं, त्यावर वीज जाते. वाया गेलेला लिटर नुसता पाण्याचा नसतो.

उलट तुमच्याच मुद्द्यावर येते. शंभर चौरस मीटरची गच्ची, वर्षाला सातशे मिलिमीटर पाऊस. एक मिलिमीटर पाऊस एका चौरस मीटरवर एक लिटर. वीस टक्के उडून-सांडून गेलं म्हटलं तरी छप्पन्न हजार लिटर. माणशी १३५ लिटरच्या सरकारी मापाने चौघांच्या घराची ही तीन महिन्यांहून जास्त गरज. साठवायला जागा नसते, मान्य. पण गाळणी बसवून बोअरमध्ये सोडता येतं. मुंबईसारखे काही भाग सोडून बाकी राज्याला लागू असलेल्या २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमांत पाचशे चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडाला हे बंधनकारक आहे. आता तुमच्या आसपासच्या नव्या इमारतींत जाऊन बघा. पाइप भिंतीवरून खाली उतरतो, रंगवलेला असतो, वर पाटी असते. खाली खड्ड्यात गाळणीच्या जागी राडारोडा. भोगवटा पत्र मिळालं की त्या खड्ड्याकडे कुणी फिरकत नाही.

नियम करणाऱ्या सभागृहात किती जण बांधकाम व्यवसायातले आहेत, हा प्रश्न मग मलाही पडतो. म्हणजे आले बघा मी तुमच्या नोंदवहीवरच.

गॅलरीतला

पत्रकार गॅलरीत बसून बरीच अधिवेशनं पाहिली. दोन गोष्टी सांगतो, दोन्ही सार्वजनिक आहेत.

मे २०२५ मध्ये विधिमंडळाची अंदाज समिती धुळे दौऱ्यावर होती. तिथल्या शासकीय विश्रामगृहाच्या एका खोलीतून पावणेदोन कोटींहून जास्त रोकड निघाली. पैसा कुणाचा, कशासाठी, हे तपासाचं काम, त्यावर मी निकाल देणार नाही. पण अंदाज समिती काय करते? सरकारी खात्यांचा खर्च तपासते. तपासणाऱ्या समितीच्या दौऱ्यात अशी खोली उघडावी लागते, यातच आलं सगळं. लॉबीतल्या धक्काबुक्कीपेक्षा मला ही बातमी कितीतरी मोठी वाटली, पण तिचा व्हिडिओ तितका मजेदार नव्हता.

दुसरी गोष्ट जुनी आणि शांतपणे घडलेली. २००५ मध्ये आपण जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा केला. पाणीवाटप मंत्र्यांच्या मर्जीवर न राहता स्वतंत्र प्राधिकरणाने नियमाने करावं, असा त्याचा गाजावाजा होता. दरम्यान मंत्र्यांची एक उच्चाधिकार समिती सिंचनासाठी राखलेलं पाणी उद्योगांना आणि शहरांना देतच राहिली. प्रकरण कोर्टात गेलं. मग २०११ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, क्षेत्रनिहाय वाटपाचा अधिकार पुन्हा मंत्रिमंडळाकडे गेला आणि आधी घेतलेले निर्णय मागील तारखेपासून कायदेशीर ठरवले गेले. कुणी कुणाची कॉलर धरली नाही. कुणी माइक तोडला नाही. सभागृह अत्यंत शिस्तीत चाललं. शेतीच्या वाट्याच्या पाण्याचा एवढा मोठा प्रश्न, आणि किती सदस्यांना त्यात काय मिळणार होतं किंवा जाणार होतं, हे कुठल्याही कामकाजाच्या पानावर नाही.

लोक तेव्हाच्या उपमुख्यमंत्र्यांचं एप्रिल २०१३ चं, पाणी नाही तर धरणात लघवी करायची का, हे वाक्य अजून विसरलेले नाहीत. त्याबद्दल माफी मागितली गेली, कऱ्हाडला प्रीतिसंगमावर आत्मक्लेशही झाला. शब्दाबद्दल आपल्याकडे क्लेश होतो. २०११ च्या दुरुस्तीबद्दल कुणाला झाल्याचं ऐकिवात नाही.

उंबरठा

गॅलरीतला, हे मी वर लिहायला हवं होतं इतकं नेमकं आहे.

पाटकरीकाकांच्या मुद्द्यावर थोडं. घरात वाचवून धरण भरत नाही हे कबूल. मग मी घरचं पाणी या चर्चेत का आणतो? कारण पाण्यावरचं सगळं सरकारी बोलणं आपल्या नळापाशी येऊन थांबतं. दात घासताना नळ बंद करा, गाडी पाइपाने धुऊ नका. खरं आहे, करू नये. पण हा उपदेश ज्याच्या तोंडून येतो त्याच्या खिशाचा आणि पाण्याचा संबंध काय, हे विचारायचा अधिकार मला त्या नळामुळेच मिळतो. माझ्याकडून तो थेंबाथेंबाचा हिशेब मागतोय ना?

एक शंका मात्र मलाच सतावते. जायकवाडीचं घ्या. ऑक्टोबरच्या मध्याला धरणात ६५ टक्के पाणी नसेल तर वरच्या धरणांतून सोडायचं, यावर नाशिक-नगरचे आमदार एका बाजूला आणि मराठवाड्याचे दुसऱ्या, पक्षबिक्ष सगळं विसरून. हे हितसंबंध नव्हेत का? आपल्या भागासाठी भांडणं हे तर त्यांचं कामच. मग रेषा कुठे ओढायची?

वकीलबुवा

मतदारसंघाचं हित आणि स्वतःच्या घरचं हित, यात रेषा ओढायची. नगरच्या आमदाराने नगरचं पाणी राखायला भांडावं, त्यासाठीच त्याला निवडलंय. त्याच धरणाखाली त्याचा स्वतःचा कारखाना असेल तर भांडण्याआधी तसं म्हणावं. भांडू नये असं नाही, सांगून भांडावं. राज्यसभेच्या नियमाचंही म्हणणं तेच आहे.

कोरडवाहू

गावात ही रेषा ओढावी लागत नाही, ते आपोआप होतं. हिवरे बाजारची ग्रामसभा दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडते. किती पाणी पडलं, पिण्याला किती, जनावरांना किती, उरलं तर कुठलं पीक. बोअरच्या पाण्यावर शेती नाही, ऊस-केळी नाही. तिथे एखादा उभा राहून म्हणाला की यंदा जरा बोअरला सवलत द्या, तर समोर बसलेल्या सगळ्यांना ठाऊक असतं की त्याचं शेत कुठे आहे आणि बोअर किती खोल आहे. हितसंबंध लपवायला जागाच नाही.

पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखेंनी पाणी पंचायत उभी केली, १९७२ च्या दुष्काळानंतर. पाणी जमिनीच्या मापाने नाही, माणसांच्या संख्येने. माणशी अर्ध्या एकराला, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराला. भूमिहीनाचाही वाटा. त्यात मोठा बागायतदार आणि शेतमजूर एकाच यादीत, आणि यादी सगळ्यांसमोर.

मुंबईत आमदार उठून बोलतो तेव्हा शेजारच्या बाकावरच्यालासुद्धा त्याचं शेत माहीत नसतं. म्हणून वही पाहिजे.

तिरकस

कोरडवाहू, हे पटलं. माझा टोमणा मागे घेत नाही, पण थोडा बाजूला ठेवतो.

मात्र एक विचारतो. वहीत लिहायचं कुणी आणि तपासायचं कुणी? भारतात लोकायुक्त पहिल्यांदा सुरू केला महाराष्ट्राने, १९७२ ला. अभिमानाची गोष्ट. पन्नास वर्षं झाली. तुमच्या ओळखीतल्या किती जणांनी लोकायुक्तांकडे तक्रार केलीय?

गॅलरीतला

तपासायला स्वतंत्र यंत्रणा उभारायची म्हटलं की ती पुढची वीस वर्षं उभीच राहणार. माझा अनुभव उलटा आहे. वही जाहीर असली की तपासणारे फुकट मिळतात. विरोधी उमेदवार, तालुक्याचा वार्ताहर, सातबारा काढणारा भाऊबंद. आजही प्रतिज्ञापत्रांतल्या विसंगती कुणी शोधल्या? सरकारने नव्हे.

दोन अटी हव्यात. वही मराठीत आणि संकेतस्थळावर, माहिती अधिकाराचा अर्ज करायला न लावता. आणि बदल झाला की ठरावीक मुदतीत नोंद, निवडणुकीची वाट न बघता.

पाटकरी

तिसरी अट माझी. नुसत्या सभागृहापुरती नको. कालवा सल्लागार समितीच्या बैठकीला बसणाऱ्या प्रत्येकाला लागू करा. इतिवृत्तात पहिल्या पानावर: लाभक्षेत्रात स्वतःची जमीन किती, उपसा परवाना कुणाच्या नावावर, कारखान्याशी संबंध काय. मला तर वाटतं अधिकाऱ्यांनीही लिहावं. आमच्यातही काही कमी नव्हते.

सेक्रेटरीबाई

मग हे नुसतं इथे बोलून सोडायचं का? विधिमंडळाची विनंती अर्ज समिती असते ना? आमदारामार्फत नागरिकांचा अर्ज जातो असं ऐकलंय.

गॅलरीतला

असते. अर्जात आरोप नकोत, कुणाचं नाव नको, मागणी एकच आणि स्पष्ट हवी. "राज्यसभेच्या नियम २९३ व २९४ च्या धर्तीवर तरतूद करावी", एवढ्यावर ठेवा. पाणी वगैरे घातलंत तर खात्याकडे अभिप्रायाला जाईल आणि तिथेच राहील.

कोरडवाहू

पाणी काढलं तर माझी सही नाही. नियम सगळ्या विषयांना लागू करा, पण उदाहरण टंचाईचंच द्या.

उंबरठा

मसुदा रविवारी इथेच टाकतो. उदाहरण टंचाईचं ठेवतो, नावं एकही नाहीत. वकीलसाहेब, "कुटुंब" या शब्दाची व्याख्या तुम्ही लिहून द्याल का? सज्ञान मुलगा आणि भाऊ त्यात आलेच पाहिजेत, नाहीतर सगळी मेहनत वाया.

वकीलबुवा

देतो. पण सून, जावई आणि भागीदारी संस्था राहिल्या तुमच्या यादीत. पाण्याचे ठेके बहुतेक भागीदारी संस्थांच्याच नावावर असतात.

तिरकस

आणि ड्रायव्हर?